कोपऱ्यावरचं अभिनंदन

पारसिकच्या टेकडीवरची शेवटची फेरी मारून मी स्कूटरवरून घरी येत होते, आणि जुईनगर स्टेशनकडून गावात वळायच्या कोपऱ्यावर मला मीच दिसले. दुमजली घराएवढी. दोन बांबूंच्या मध्ये ताणून बांधलेली. चेहरा माझाच होता, दिराच्या हळदीतला, नाकात नथ आणि केसांत गजरा. गळ्याखाली मात्र कुणा परदेशी पुरुषाचं लाल जाकीट होतं, रुंद खांदे होते आणि हातात बर्फाची कुऱ्हाड होती. मागे टोकदार पांढरा डोंगर. किलिमांजारोचा माथा पसरट आहे हे मी वर्षभर घरात फोटो दाखवून सांगत आले आहे, पण ते जाऊ दे. खाली लिहिलं होतं, 'आफ्रिका खंडातील सर्वोच्च शिखर किलिमांजारो सर करून गावाचे नाव सातासमुद्रापार नेल्याबद्दल आपल्या लाडक्या सूनबाई सौ. सुचिता मिथुन भोईर यांचे हार्दिक अभिनंदन!' त्याखाली शुभेच्छुक. मधोमध माझे सासरे, शेजारी माझा नवरा, आणि मग गॉगल लावलेले सगळे पुतणे ओळीने. माझी बॅग अजून घरी उघडी पडली होती. विमान आज रात्रीचं होतं.

कोपऱ्यावर मासळी घेऊन बसणारी उज्वला मला बघून पाटीमागून उठलीच. "अगो बाय, आलीस पन?" ती म्हणाली. "कसा व्हता डोंगर? थंडी लय व्हती काय?" मी म्हटलं, मी अजून गेलेच नाही. तिने बॅनरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बॅनरकडे पाहिलं. "मंग यो काय?" तिला काय सांगणार कपाळ? राग आला म्हणणं फार सौम्य होईल. शाळेत मी पीटी शिकवते, पोरं मला घाबरतात, आवाज चढवायची मला सवय आहे; पण हा राग आवाजाने भागणारा नव्हता. कोणी म्हणेल, एवढं काय त्यात? बॅनर तर आहे. आमच्याकडे बारशापासून तेराव्यापर्यंत बॅनर लागतात, कुत्र्याच्या वाढदिवसाचाही लागलेला मी पाहिलाय. घरच्यांना कौतुक आहे म्हणून लावला. हेच तर. कौतुकाने माणसाचे पाय कसे बांधतात ते मला चांगलं माहीत आहे, आणि ह्या वेळी पाय बांधलेले मला परवडणारे नव्हते.

कारण ज्योतिबा सर. सर मूळचे साताऱ्याकडचे, नेरुळला राहतात, आमच्या गटाला डोंगरावर तेच नेतात. त्यांची एक तऱ्हा आहे. परदेशी मोहिमेच्या आधी ते प्रत्येकाच्या घरच्यांना बोलावतात, सामोसे खायला घालतात आणि मग एकेकाला उभं करून एकच प्रश्न विचारतात, "हे तुमचं मानूस अर्ध्यातनं परत आलं, तर तुम्ही काय म्हनाल?" आमच्या वेळी मिथुन उठला, शर्ट खाली ओढला आणि म्हणाला, "सर, आपली बायको अर्ध्यातून परत येणारच नाही. गॅरंटी!" सगळे हसले, टाळ्या झाल्या. सर हसले नाहीत. नंतर जिन्यात मला गाठून म्हणाले, "ताई, घरातलं एक मानूस शोधा. एकच. नुसतं 'जमलं नाही तर तशीच परत ये' एवढं म्हनंल असं. त्याचा आवाज फोनवर भरून आना. वर हवा पातळ झाली की डोकं चालत नाही. मी सांगितलेलं कुनी ऐकत नाही, घरचं ऐकतात. एक पोरगा होता माझ्याबरोबर. गावात त्याच्या मिरवनुकीची तयारी झालेली. मी हात धरून वळवत होतो, तो म्हनला, सर, खाली कुठल्या तोंडानं जाऊ?" एवढं सांगून सर जिना उतरून गेले. तो पोरगा खाली आला नव्हता, हे मला कळलं.

एक माणूस. मला वाटलं होतं, घरी जाऊन पाच मिनिटांत होईल. फोन आईंपुढे धरला, म्हणजे सासूबाईंपुढे, विमलबाईंपुढे. त्या पदर सावरून म्हणाल्या, "देवी तुला वर नेल, पोरी. आमी नारल बोललाव." दादांनी, माझ्या सासऱ्यांनी, भाषण दिलं; नामदेव भोईर एकदा सरपंच होते आणि ते पद त्यांच्या घशातून अजून उतरलेलं नाही. मिथुन म्हणाला, "फोडून टाक!" मी म्हटलं, असं नाही रे, मला दुसरं वाक्य हवंय. तो म्हणाला, "निघताना कशाला अपशकुनी बोलायला लावतेस?" माझी निशिगंधा, वीस वर्षांची, कॉलेजात डिझाइन शिकते, तिने तर मागे ढोल लावून आवाज भरून दिला. इतके सगळे आवाज फोनमध्ये, आणि एकही माझ्या कामाचा नाही. आता तर कोपऱ्यावर लिहूनच टाकलं होतं. मी वर पोचलेय. गाव म्हणतंय पोचलेय. आता मी आफ्रिकेतल्या कुठल्या तरी काळोख्या उतारावर ओकत बसले, पाय लटपटले, तर मी वळणार कशी? ज्या बाईचं अभिनंदन झालेलं आहे ती मागे वळत नसते.

वळण्याची चव मी एकदा घेतलेली आहे. गेल्या वर्षी हिमाचलात, खिंडीच्या खालच्या मुक्कामावर डोकं असं ठणकायला लागलं की डोळ्यांपुढचा बर्फ हिरवा दिसू लागला. सरांनी मला सरळ रेषेत चालायला लावलं, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावत, आणि मी लहान मुलासारखी भेलकांडले. "उतरायचं," सर म्हणाले. मी उतरले. आणि खरं सांगते, त्या उतरण्याइतका आनंद मला कशात झालेला नाही. प्रत्येक वळणावर छातीत हवा भरत होती, पाइनचा वास येत होता, वाटेत एका म्हातारीने खारट चहा दिला. मी कुणाला हरवलं नव्हतं, कुणी मला हरवलं नव्हतं. मी जिवंत होते आणि खाली चालले होते. घरी आले तर मिथुन म्हणाला, "म्हणजे नाही झालं तुझ्याकडून?" आणि दादांनी गावात सांगितलं की हवामान खराब होतं, सरकारनेच रस्ता बंद केला. आजही लोक मला विचारतात, त्या वर्षी वादळ झालं ना तुमच्याकडे? माझा तेवढा एक आनंद, तोसुद्धा ह्या घराने वादळाखाली गाडून टाकला.

घरात शिरले तर दादा ओटीवरच होते, पेपर मांडीवर, चेहरा फुललेला. "बगलास काय, सुने? पोरांनी रातीच बांबू आनले."

"दादा, मी अजून गेलेली नाही."

"मंग? जानार हायेस ना?"

"जाणार आहे. पोचेनच असं नाही."

"असा कसा? वर्सभर टेकडी चढतेस, पाठीवर पान्याच्या बाटल्या घेऊन. आनि बग, कोपरा या आठवड्यापुरताच आपल्याकडं हाय. नंतर नवरात्रीचे ब्यानर लागतील, मंग जागा नाय कोन देत. दोन दोन ब्यानर कशाला? म्हटला एकदमच लिवून टाका." इतकं सरळ होतं ते. त्यांच्या लेखी शिखर म्हणजे कोपऱ्यावरच्या जागेचा प्रश्न. मग त्यांनी बाकीचंही सांगितलं. मी येईन त्या दिवशी विमानतळापासून उघडी जीप. गावदेवीच्या देवळापाशी सत्कार, पाहुण्यांची तारीख मिळालेली. बँजोवाल्यांना विडा देऊन ठरवलेलं. संध्याकाळी मटण. मी ऐकत उभी राहिले. जीपमध्ये उभी राहून हात हलवणारी मी त्यांना आत्ताच दिसत होते. मला मात्र ती जीप सरांच्या त्या पोरासाठी थांबलेली दिसत होती, हार सुकून चाललेले, बँजोवाले बिड्या ओढत बसलेले.

मी मिथुनला गाठलं. तो माझ्या बॅगेवर गुडघा ठेवून चेन ओढत होता, कारण आत आईंनी तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि मसाल्याचा एक डबा कोंबला होता. आफ्रिकेत चूल नसते अशी त्यांची खात्री. "तो बॅनर उतरव," मी म्हटलं.

"अगं चिल ना. लोकं प्राउड आहेत तुझ्यावर."

"उतरव, मिथुन."

"दादांना कोण सांगणार?"

"तू."

त्याने चेन सोडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. आणि तो निशीने केलाय. दोन रात्री बसली होती. तिला सरप्राइज द्यायचं होतं." निशी दारातच उभी होती. तिचा चेहरा माझा होकार शोधत होता, लहानपणी चित्र दाखवायची तसा. राग कुणावर काढायचा तेही ह्या घरात धड मिळत नाही. जिकडे हात उगारावा तिकडे कुणाचं तरी प्रेम उभं असतं. "खांदे पुरुषाचे आहेत," मी एवढंच म्हणाले आणि आंघोळीला गेले. नळाखाली उभी राहून रडले, आणि रडताना आणखी चिडले.

माझे बाबा मला सोडायला येणार होते. किसन कोळी, खाडीकाठच्या दिवाळे गावचे. हल्ली होडी काढत नाहीत, गुडघे गेले, पण होडी विकलेलीही नाही. काठावर उपडी ठेवून तिच्याकडे बघत बसतात. आमच्या घरात मी लहानपणी एक गोष्ट शिकले होते. होडी काठाला लागेपर्यंत म्हावऱ्याचं नाव काढायचं नाही. आई मसालासुद्धा वाटायची नाही. आम्ही पोरांनी 'आज पापलेट आणा' म्हटलं की पाठीत धपाटा. खाडीतून येईल ते येईल, नाहीतर माणूस येईल, तेवढं पुरे. आणि बाबा वळायचे. सगळा गाव पुढे चालला असताना वारा तोंडाला लागला की ते होडी वळवायचे. एकदा असेच वळून आले आणि त्या दिवशी काहीच झालं नाही. ना वादळ, ना लाट. बाकीच्या होड्या कोळंबीने भरून आल्या, काठावर हशा पिकला, किसनला वाऱ्याची बाधा झाली म्हणाले. बाबांनी हात धुतले, मीठभात खाल्ला आणि झोपले. त्यांच्या तोंडावर लाजेचा एक ठिपका नव्हता. मी दहाबारा वर्षांची असेन. मला वाटलं होतं, ह्या माणसाची मुलगी असणं म्हणजे कुठूनही परत येता येणं.

वाटलं होतं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा माझं बीपीएडचं अ‍ॅडमिशन आलं. वाशीच्या कॉलेजात असताना मिथुनने शपथा घेतल्या होत्या, तू शिक, मी आहे. दादा म्हणाले, आधी मूल होऊ दे. मी मिथुनकडे पाहिलं. तो टीव्हीकडे बघत होता. क्रिकेटची मॅच होती, कोण खेळत होतं तेही मला आठवतं. दुसऱ्या दिवशी मी बॅग भरली आणि दिवाळ्याला गेले. माझी आई धोंडूबाई दारात सुकट निवडत बसली होती. तिने बॅग पाहिली आणि तिला सगळं समजलं. चहा दिला. मग म्हणाली, "कालोख व्हायच्या आत जा परत. अख्खा गाव जेवलाय तुज्या लग्नात. कोली असून आगऱ्यांत दिली, आदीच लोका बोलत व्हती. आता काय सांगू त्यांना?" मी बाबांकडे पाहिलं. ते ओसरीत जाळं सांधत होते. त्यांच्या हातातली सुई जाळ्यात आत बाहेर करत राहिली. मान वर झाली नाही. जो माणूस नुसत्या वाऱ्यासाठी होडी वळवायचा, गावाच्या हसण्याला भीक घालायचा नाही, त्याला मुलीसाठी एक शब्द सुचला नाही. मी काळोख व्हायच्या आत परत आले. दार आईंनी उघडलं, काही बोलल्या नाहीत, ताटात भात वाढला. कोर्स मी पुढे केला, निशी झाल्यावर, भांडून. आई गेली. पण त्या सुईचा राग माझ्यात तसाच आहे.

दुपारी बाबा रिक्षातून उतरले, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, पुतणे, शेजारी, सगळे जमलेले. बाबांनी कोपऱ्यावरचा बॅनर पाहिला असणार, कारण ते माझ्याकडे नीट बघत नव्हते. मला पाटावर बसवलं. आईंनी ओवाळायचं ताट घेतलं, बाजूला नारळ आणि कोयता. दादा मोठ्याने म्हणाले, "वर झेंडा लावल्याबिगर तोंड दाखवू नको हां, सुने!" आणि सगळे हसले. प्रेमानेच हसले. मी पाटावरून उठले.

"एक माणूस पाहिजे मला," मी म्हटलं. आवाज शाळेच्या मैदानावरचा लागला. "ह्या घरातून एका माणसाने मला सांगायचं, की नाही जमलं तर परत ये. डोंगर तसाच टाकून ये. कुणी सांगत नसेल तर मी हलत नाही. विमान जाऊ दे." फोन मी निशीच्या हातात दिला. "चालू कर." हसू थांबलं. दादा म्हणाले, हा काय तमाशा. मिथुन म्हणाला, अगं लोकांसमोर. कुणीतरी खुर्ची सरकवली. आणि मग बाबा बोलले, खुर्चीतूनच, खाली जमिनीकडे बघत. "सुचे. वारा फिरला का परत ये. कोन काय बोलंल ते बोलंल. तू परत ये."

मला ते वाक्य मिळालं होतं. मी खाली वाकून त्यांच्या पाया पडायला हवं होतं, असं सगळ्यांना वाटलं असेल. पण माझ्या तोंडातून निघालं, "तेव्हा का नाही म्हणालात?" बाबांनी मान वर केली. "तेव्हा, बाबा. मी बॅग घेऊन आले होते तेव्हा. डोंगरावरून परत बोलावता, आणि स्वतःच्या दारातून हाकलता?" निशीच्या हातातला फोन चालूच होता. बाबांचे ओठ हलले. "तुजी आय बोलली," ते म्हणाले, आणि थांबले, कारण ते खोटं नव्हतं पण पुरेसंही नव्हतं. "मना भ्या वाटला," ते म्हणाले. "दर्याचा कदी वाटला नाय. लोकांचा वाटला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला दया आली, पण रागही गेला नाही. दोन्ही मी तसेच ठेवून घेतले.

आईंनी ओवाळलं. नारळ त्यांनी फोडला नाही, तो आणि कोयता दोन्ही माझ्या हातात दिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नारल कोपऱ्याव फोर. यंदा तसाच बोललाव." असा काही नवस बोललेला नव्हता. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि मला इतक्या वर्षांनी कळलं की त्या दिवशी दार उघडताना त्या का गप्प होत्या. कुणी त्यांनाही कधी तरी काळोख व्हायच्या आत परत पाठवलं असणार. विचारायला वेळ नव्हता.

गाडीत मिथुन चालवायला, शेजारी मी, मागे बाबा आणि निशी. कोपऱ्यावर मी म्हटलं, "थांबव." मी उतरले, नारळ रस्त्याच्या कडेला ठेवला आणि कोयत्याने बांबूची खालची दोरी तोडली. उज्वला "अगो, अगो" करत उठली. मागून निशी उतरली. मला वाटलं, ती माझा हात धरणार. ती दुसऱ्या बांबूपाशी गेली, दगडावर चढली आणि गाठ दातांनी सोडवू लागली. तिची दोन रात्रींची मेहनत मी उतरवत होते आणि ती मला मदत करत होती. "खांदे खरंच चुकले होते," ती म्हणाली, रडत होती. वरच्या दोऱ्या आम्ही दोघींनी ओढून तोडल्या. फ्लेक्स खाली आला, मोठा आवाज करत, दादांसकट सगळे शुभेच्छुक तोंडावर पडले. गावातून ओरडा ऐकू येत होता. बातमी पोचली होती. बाबा खिडकीतून म्हणाले, "मना दे तो. उपड्या होरीव टाकीन." निशीने घडी करून त्यांच्या मांडीवर ठेवला. मी गाडीत बसले. कोयता पायाशी.

मिथुनने गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, तशीच, टीव्हीकडे होती तशी. मला वाटलं, आता म्हणेल, दादांना मी काय तोंड दाखवू. मग ओठांतल्या ओठांत, जेमतेम ऐकू येईल इतकं म्हणाला, "परत ये."

मी फोन काढला, चालू केला आणि त्याच्या तोंडापुढे धरला. "मोठ्यानं बोल," मी म्हटलं. मागे रिक्षांची रांग लागली होती, सगळे हॉर्न वाजवत होते. वाजवू देत.